"प्रसादासाठी रेषेत उभे राहा": लाइनला मराठीत नक्की काय म्हणायचं?

लश्करवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरची, लश्करातली. (नव्यांसाठी: लश्कर हा आमच्या शहराचा एक भाग. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली ती पुन्हा उठलीच नाही. आमच्या घरात फौजेत कुणी नाही, गैरसमज नको.)

यंदा गणपतीत महाप्रसादाच्या मांडवात फलक हवा होता. काम दिलं शेजारच्या मुलाला. गुणी पोरगा आहे, मराठी घडाघडा बोलतो, पण लिही म्हटलं की घाम फुटतो. त्याने इंग्रजी वाक्य फोनमध्ये घातलं, फोनने जे मराठी दिलं ते तसंच फ्लेक्सवर छापून आणलं. सहा फुटी, भगवी अक्षरं, बाजूला उंदीरमामा:

"प्रसादासाठी कृपया रेषेत उभे राहा."

मी म्हटलं, अरे बाळा, 'रांगेत'. तर म्हणतो, "काकू, लाइन म्हणजे रेषाच ना?" आता ह्याला काय सांगणार? चूक म्हणावं तर अर्थ बरोबर आहे, बरोबर म्हणावं तर वाक्य चूक.

रात्री वही घेऊन बसले. कागदावर मारतो ती रेघ. भूमितीतली रेषा. वाचतो ती ओळ. उभे राहतो ती रांग, जेवायला बसलो की तीच पंगत. तळहातावर रेषा, कपाळावर आठी, गालावर आली की सुरकुती. नटाला पाठ करायला मिळते ती वाक्यं. सैन्याची फळी. गळाची दोरी. आणि मुलगा काय करतो असं विचारलं की "औषधांच्या लाइनीत आहे". एक पान भरलं, दुसरं सुरू झालं, मग यजमानांनी दिवा घालवला.

तर प्रश्न दोन. तुमच्याकडे यात आणखी काय भर आहे? आणि दुसरा जास्त तातडीचा: विसर्जनाला पाच दिवस आहेत, महाप्रसाद परवा आहे, आणि खजिनदार नव्या फ्लेक्सला एक रुपया द्यायला तयार नाहीत. काय करू?

अनुस्वार

ताई, रेषेला दोन्ही टोकं नसतात, ती अमर्याद असते असं आम्हाला शाळेत शिकवलं. रेषेत उभं राहिलेल्याला प्रसाद मिळणं गणिताने शक्य नाही. निदान 'रेषाखंडात उभे राहा' तरी छापायचं.

बिनसाखरेचा चहा

किरण चालेल. एका टोकाला शिऱ्याचं पातेलं, दुसरं टोक थेट महाराजबाड्यापर्यंत.

पुण्याहून सासरी

मीही ग्वाल्हेरचीच आता, पण माहेर पुण्याचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "जरा दुधाच्या लाइनीत लागून ये." मला वाटलं दूधवाल्यांची वेगळी वस्ती असेल, पोलीस लाइन असते तशी. पत्ता विचारला! अख्खं घर हसलं. 'लाइनीत लागणे' हे मी तोवर ऐकलंच नव्हतं, आमच्याकडे रांगेत उभं राहतात किंवा रांग लावतात. इथे माणूस स्वतःच लागतो. आता माझा मुलगा पुण्यात जाऊन "आजी, मी लाइनीत लागलो होतो" म्हणतो आणि माझी आई माझ्याकडे बघते.

शुद्धोदक

हेच दुखणं आहे. रांग हा सुंदर शब्द असताना लाइन कशाला? आणि 'लागणे' ही तर सरळ हिंदीची उचल. बृहन्महाराष्ट्रातल्या मंडळींनी निदान आपसात तरी मराठी स्वच्छ ठेवावी असं मला वाटतं. राग नसावा.

लश्करवाली

राग कसला. पण दोनशे वर्षं आम्ही इथे राहतोय. पिढ्यानपिढ्या भाजीवाल्याशी हिंदीत बोलल्यावर थोडी हिंदी अंगाला लागणारच. लागली तर लागली.

गोळा घेतलेला ड्रायव्हर

(ड्रायव्हर नव्हतो, स्टेशनमास्तर होतो. पण टोपणनाव आवडलं म्हणून घेतलं.)

शुद्धोदकसाहेब, मी झाशी डिव्हिजनात नोकरी केली. तुम्ही सांगा 'लाइन क्लिअर'ला काय म्हणू? एकेरी मार्गावर एका वेळी दोन स्टेशनांच्या मधे एकच गाडी सोडायची असते. म्हणून आम्ही पुढच्या स्टेशनाला विचारायचो, लाइन क्लिअर आहे का? त्यांनी हो म्हटलं की यंत्रातून लोखंडी गोळा सुटायचा. तो चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला, आणि ते कडं चालत्या गाडीतून ड्रायव्हरने हाताने झेलायचं. गोळा हातात नाही तर गाडी हलणार नाही. 'मार्ग मोकळा आहे' हे भाषांतर झालं, पण त्यात गोळा नाही.

घरीही हाच शब्द चालायचा. मेहुण्यासाठी मुलगी बघायला गेलो, परत आल्यावर आईने एवढंच विचारलं, "काय रे, लाइन क्लिअर?"

आणि ग्वाल्हेरच्या माणसाला लाइन म्हटलं की पहिली आठवते ती छोटी लाइन. दोन फुटी गेज, ग्वाल्हेर ते श्योपूर, जवळपास दोनशे किलोमीटर. माधवराव महाराजांच्या वेळची. डब्यात जितके, तितकेच टपावर. २०२० साली बंद पडली, आता तिथे मोठी लाइन होते आहे. या 'छोटी-मोठी'मध्ये लाइनचा अर्थ रूळही नाही आणि गाडीही नाही, दोन रुळांमधलं अंतर! हा अर्थ साहेबाच्या भाषेतसुद्धा नसावा, ते गेज म्हणतात. आपल्या लोकांनी काढलेला आहे.

सयाजीगंज

नाना, टपावरून उठून बडोद्याला या. डभोई ते मियागाम, १८६२. गायकवाडांची. सुरुवातीला डबे बैल ओढत होते. तुमच्या महाराजांच्या आधी आमची लाइन होती.

गोळा घेतलेला ड्रायव्हर

बैलांना गोळा कसा द्यायचे?

सयाजीगंज

पेंडीचा.

पुण्याहून सासरी

😂 नाना, जयविलास राजवाड्यातली चांदीची गाडी विसरलात! जेवणाच्या टेबलावर रूळ टाकलेत आणि त्यावरून छोटी चांदीची आगगाडी पाहुण्यांसमोर ब्रँडी आणि सिगार घेऊन फिरायची. पंगतीतच लाइन. लश्करवालीताईंच्या यादीतले दोन अर्थ एका टेबलावर.

वऱ्हाडी ठेचा

एक अर्थ कुणीच नाही सांगितला. आमच्या नागपूर-अमरावतीकडे वीज जात नाही, लाइट जात नाही. लाइन जाते. "लाइन गेली का तुमच्याकडे?" "सकाळपासून लाइन नाही बा." मुंबईला पहिल्यांदा नोकरीला लागलो तेव्हा घरमालकाला फोन केला, काका लाइन गेली. तो म्हणाला, कुठली, हार्बर का?

टप्पाकुप्पा

क्रिकेटशिवाय हा धागा चाललाच कसा? लाइन अँड लेंथ! समालोचक 'दिशा आणि टप्पा' म्हणतात ते मला फार आवडतं. पण बघा, इथे लाइनचं मराठी 'दिशा' झालं. रेषा नाही, ओळ नाही.

आणि ग्वाल्हेरचा विषय आहे तर २४ फेब्रुवारी २०१०. रूपसिंग स्टेडियम. सचिन नाबाद २००, पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातलं पहिलं द्विशतक. दक्षिण आफ्रिकेच्या गोलंदाजांना त्या दिवशी ना दिशा होती ना टप्पा. मी कॉलेजला दांडी मारून टीव्हीच्या दुकानाबाहेर उभा होतो. शेवटच्या षटकांत धोनी स्ट्राइक देईना तेव्हा दुकानाबाहेरची लाइन धोनीला काय काय बोलत होती ते इथे लिहिता येणार नाही.

बिनसाखरेचा चहा

गल्लीत मात्र रेघच. विटकरीच्या तुकड्याने मारलेली. "रेघ ओलांडलीस, नो बॉल!" तिथे कुणी क्रीझ म्हणालं तर त्याला बॅटिंग मिळायची नाही.

अनुस्वार

अवांतर: इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थांचा शब्द लाइन नव्हे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती. पुढच्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने त्याला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. लाइन बिचारी बरीच मागे उभी आहे.

वऱ्हाडी ठेचा

रेषेत उभी आहे का?

शुद्धोदक

विनोद पुरे. मला एक गंभीर गोष्ट मांडायची आहे. इथे सगळे लाइनचं कौतुक करताय, पण एकाच शब्दावर इतकी ओझी म्हणजे भाषेची श्रीमंती नव्हे, गरिबी. मराठीत रेघ आणि रेषा यांतसुद्धा फरक आहे. रेघ हाताने मारतात, ती वाकडी असू शकते, पुसता येते. रेषा कल्पनेतली. म्हणून नियंत्रण रेषा, दारिद्र्य रेषा, आंतरराष्ट्रीय वाररेषा. यातली एकही जमिनीवर दिसत नाही. दारिद्र्याची रेघ असं कुणी म्हणणार नाही. हा विवेक इंग्रजीला एका शब्दात करता येत नाही.

लश्करवाली

हे मात्र पटलं. वहीत लिहून घेतलं. पण मग लक्ष्मणरेषा? ती तर बाणाने जमिनीवर ओढलेली.

शुद्धोदक

ती पुसता येत नव्हती ना.

लश्करवाली

👌

चरणरज

कवितेच्या ओळीचं सांगते. ओवीचे चार चरण. इंग्रजीत पाऊल, म्हणजे फूट, हा ओळीचा तुकडा: बरेचदा पाच पावलं मिळून एक ओळ. आपल्याकडे चरण म्हणजेच ओळ. म्हणजे त्यांच्या ओळीला पाच पाय आणि आपली ओळ स्वतःच एक पाय. वर्गात हे शिकवताना मुलं हमखास शतपद काढतात.

आणि रांगेला आणखी एक शब्द: बारी. पंढरपूरला दर्शनबारी म्हणतात. बारीत उभं राहणाऱ्याला किती वाजता नंबर लागेल असं विचारून बघा. चिडत नाही, हसतो.

खिडकी क्रमांक ३

डेडलाइनबद्दल लिहितो. आमच्या हापिसात हा शब्द दिवसातून शंभरदा येतो. १८६४ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात अँडरसनव्हिल नावाचा कैदी ठेवायचा तळ होता. कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा. ती डेडलाइन. वर्तमानपत्रवाल्यांनी नंतर ती वेळेला लावली. मराठीत 'मुदत' किती सभ्य आहे बघा. मुदत वाढवून मागता येते. अर्थात आमचे साहेब पहिल्या अर्थाने वापरतात.

कंपूबाज

ग्वाल्हेरकर इतके जमलेत आणि कंपूचं नाव नाही? तोही शिपायांच्या लाइनीतला शब्द. शहरात कंपू नावाचा भाग आहे, बाहेरच्यांना वाटतं तिथे टोळकी राहतात. महादजींनी द बॉइन या फिरंग्याकडून कवायती पलटणी उभ्या करवल्या, त्यांना कंपू म्हणत. शब्द पोर्तुगीज 'कांपो' किंवा इंग्रजी 'कॅम्प'वरून आलेला. पुढे मराठीत पलटणी गेल्या आणि राहिला तो चार जणांचा कंपू. आता या धाग्यावर आहे तसा.

पुण्याहून सासरी

लाइनचा अजून एक अर्थ ग्वाल्हेरने तर सोडूच नये. वंश, परंपरा. त्याला इथे घराणं म्हणतात. हद्दू खाँ-हस्सू खाँ, मग वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, आणि त्यांच्याकडून विष्णू दिगंबर पलुस्कर. ही लाइन ग्वाल्हेरहून निघाली आणि मिरजेपर्यंत गेली. छोटी म्हणा, मोठी म्हणा.

गोळा घेतलेला ड्रायव्हर

आणि अजून बंद पडलेली नाही.

सुताराची नात

दोन दिवस वाचतेय, आता लिहिते. मी इमारतींच्या कामावर असते (लश्करवालीताई, गवंडी तुमच्या यादीत येता येता राहिला).

कामावर विटांच्या थराला दोरी ताणतात ती लाइनदोरी. उभं बघायला ओळंबा. आमचे इथले मिस्त्री त्याला साहुल म्हणतात. पण एक शब्द मराठी आणि हिंदी दोन्ही मिस्त्रींच्या तोंडी आहे: सूत. "भिंत सुतात नाही." "दोन सूत बाहेर गेली." सूत म्हणजे धागा, धाग्याने आखलेली सरळ रेघही, आणि मापही, इंचाचा आठवा भाग. आजोबांकडे सुताची गुंडी होती. धाग्याला गेरू लावायचा, लाकडावर दोन टोकं धरून ताणायचा, मधे चिमटीने उचलून सोडला की फट् करून लाल रेघ. रेघ मारायची नाही, सोडायची.

आता गंमत. इंग्रजी लाइनचं मूळ लॅटिन 'लिनिया'. त्याचा अर्थ अळशीच्या झाडाच्या वाखाचा धागा. लॅटिनमधे अळशी म्हणजे 'लिनम'. त्यातूनच लिननचं कापड, लिन्सीड तेल, आणि कोटाच्या आत लिनन लावायचे म्हणून लायनिंग, आपलं अस्तर. म्हणजे साहेबाचाही आधी धागाच होता, मग ताणून रेघ झाली, मग रांग, मग वंश, मग धंदा.

आपल्या सुताने तोच रस्ता धरलाय. सुतासारखा सरळ. सुतावरून स्वर्ग. सूत्र म्हणजे धागा आणि नियमही. आणि जुळलं की सूत जुळतं.

शुद्धोदककाका, लाइनला एकच मराठी शब्द हवा असेल तर हा घ्या. रांगेला चालणार नाही हे खरं. पण मूळ एकच, अळशी त्यांची आणि कापूस आपला.

शुद्धोदक

नमस्कार स्वीकारावा. आज काही बोलत नाही.

टप्पाकुप्पा

थांबा थांबा. म्हणजे 'लाइन मारणे' आणि 'सूत जुळणे' हे एकाच कामाचे पहिला आणि शेवटचा टप्पा आहेत??

सुताराची नात

मधे ओळंबा लावून बघावं.

वऱ्हाडी ठेचा

एक शंका. दुकानात 'लायनिंगचा शर्ट' मागितला की रेघांचा मिळतो, आणि शिंप्याकडे 'लायनिंग लाव' म्हटलं की आतून अस्तर. रेघांच्या शर्टाला लायनिंग हे इंग्रजांना माहीत आहे का?

सुताराची नात

नाही. ते आपलंच. छोट्या लाइनीसारखं.

बिनसाखरेचा चहा

मंडळी, मूळ प्रश्न! महाप्रसाद होऊन गेला असेल. ताई कुठे आहात? फ्लेक्सचं काय झालं?

लश्करवाली

आले, आले. भांडी आवरण्यात दोन दिवस गेले.

खजिनदार शेवटपर्यंत बधले नाहीत. मी घरून कागदावर 'रांग' लिहून 'रेषे'वर चिकटवायचं ठरवलं, तर 'रांगेत'ला जागा पुरेना आणि रात्री पाऊस येऊन कागद गळून पडला. सकाळी बघते तर फलक होता तसा, उंदीरमामासकट. आमच्यातले एक वयस्कर आप्पा आहेत, ते फलकाखाली चष्मा वर करून वाचत होते. मला म्हणाले, "बाई, रेषा कुठे आहे?"

तो मुलगा जवळच होता. काही न बोलता गेला, मांडवामागून चुन्याची फक्की घेऊन आला, आणि प्रसादाच्या टेबलापासून फाटकापर्यंत सरळ रेघ ओढली. (सुताराची नात, सुतात नव्हती. फाटकाशी चांगलीच वळली.)

आणि लोक खरोखर रेघेवर उभे राहिले! एकही जण मधे घुसला नाही. दरवर्षी ढकलाढकली होते, शिरा सांडतो. यंदा पोरंसोरंसुद्धा रेघेवर पावलं जुळवून उभी. खजिनदार मला येऊन सांगतात, बघा, फलक बरोबर होता.

फ्लेक्स घडी करून कपाटात ठेवलाय. पुढच्या वर्षी तोच लावायचा असं ठरलं.

अनुस्वार

रेषाखंडच होता ना पण? दोन्ही टोकं होती.

लश्करवाली

फाटकाकडचं टोक चपलांखाली पुसलं गेलं.